लेकराची छाती, अमीबाचं पोट

पावसाळा सरून थंडीची चाहूल लागली की अमरावती जिल्ह्यातल्या चांदूर बाजारच्या दवाखान्यांत एक वाक्य हमखास ऐकू येतं. "साहेब, लेकराचं पोट उडून रायलं." आई बोलते पोटाबद्दल, पण दुखणं छातीचं असतं, आणि तिचं पाहणं अगदी बरोबर असतं. तान्ह्या बाळाचा श्वास मोठ्या माणसासारखा छातीच्या भात्याने चालत नाही. छाती आणि पोट यांच्यामधला पडदा खालीवर होतो, त्यावर तो चालतो. फुफ्फुस सुजून ताठर झालं की हा पडदा जोर लावतो, बरगड्यांखालची मऊ जागा आत ओढली जाते आणि पोट उडायला लागतं. कुणी याला 'डबा' म्हणतं, कुणी 'छाती भरली' म्हणतं. परतवाड्यावरून घाट चढून मेळघाटात गेलं की अशा पोट फुगलेल्या, धापा टाकणाऱ्या लेकराच्या पोटावर तापल्या विळ्याचे चटके देण्याची 'डंबा' नावाची प्रथा अजून पुरती मिटलेली नाही. डोळ्यांना पोट दिसतं म्हणून इलाज पोटावर होतो, आणि श्वास तसाच कोंडलेला राहतो.

या कोंडलेल्या श्वासामागे कोणता जंतू आहे, हा प्रश्न दवाखान्यात सहसा विचारला जात नाही. विचारून उपयोगही नसतो. लहान मूल बेडका काढून देत नाही, ते गिळून टाकतं. फुफ्फुसात सुई घालून नमुना काढायला कुणी धजत नाही. म्हणून पुस्तकातली यादी गृहीत धरली जाते: न्यूमोकोकस, हिमोफिलस इन्फ्लुएन्झा बी (हिब), आरएसव्ही नावाचा विषाणू, फ्लूचे विषाणू. गेल्या तीसेक वर्षांत या यादीच्या कडेला एक नवा गट येऊन उभा राहिला आहे. त्याला क्लॅमिडियासदृश जिवाणू म्हणतात. हे जिवाणू मुलांच्या घशात, नाकात, श्वासनळीत सापडतात. ते दुखणं आणतात की नुसतेच तिथे असतात, यावर अजून एकमत नाही. कोणाला काय सापडलं आणि त्यातलं आपल्या भागातल्या लेकरासाठी कामाचं काय, एवढं एका जागी मांडावं म्हणून हा आढावा.

या गटाचं मूळ घराणं वऱ्हाडाला अनोळखी नाही. आमच्या आज्यांच्या पिढीला 'खुपऱ्या' ठाऊक होत्या. पापणीच्या आत खरखरीत पुटकुळ्या यायच्या, पापण्या आत वळायच्या, केस बुबुळावर घासायचे आणि शेवटी दृष्टी जायची. खुपऱ्यांचा जंतू म्हणजे क्लॅमिडिया ट्रॅकोमाटिस. १९०७ मध्ये जावा बेटावर हॅल्बरश्टेटर आणि प्रोवाझेक या दोघांनी खुपऱ्या झालेल्या डोळ्याच्या पेशींत त्याचे पुंजके प्रथम पाहिले. तो प्रयोगशाळेत वाढवता यायला मात्र १९५७ उजाडलं. चीनच्या तांग फेइफान यांनी तो कोंबडीच्या अंड्यात वाढवून दाखवला. इतका उशीर होण्याचं कारण या घराण्याच्या स्वभावात आहे. हे जिवाणू जिवंत पेशीच्या आतच वाढतात. बाहेर असताना ते एखाद्या बियाण्यासारखे असतात: आकाराने मिलिमीटरच्या तीन हजाराव्या भागाएवढे, घट्ट कवचाचे, जवळजवळ निपचित. पेशीत शिरले की उमलतात, फुगतात, एकाचे दोन होत जातात, आणि पेशी भरली की पुन्हा बियाणं होऊन बाहेर पडतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतात खुपऱ्या ही सार्वजनिक आरोग्याची समस्या उरली नसल्याचं जाहीर केलं. ही बातमी आली आणि गेली. माझ्या मते ती याहून मोठ्या अक्षरांत छापायला हवी होती, कारण या देशाने पिढ्यान्‌पिढ्या खुपऱ्यांपायी डोळे गमावले आहेत.

डोळ्यांचा हाच जंतू छातीतही उतरतो. आईच्या प्रसूतिमार्गात संसर्ग असेल तर जन्मताना तो बाळाला लागतो आणि एक ते तीन महिन्यांच्या वयात बाळ खोकायला लागतं. १९७७ मध्ये बीम आणि सॅक्सन या अमेरिकी डॉक्टरांनी हे दुखणं नीट वर्णन करून मांडलं. ताप नसतो किंवा नावाला असतो, खोकला तुटक तुटक, एकामागोमाग एक अशा ठसक्यांचा असतो, आणि बऱ्याच बाळांच्या डोळ्यांना आधी चिपडं आलेली असतात. अनुभवी डॉक्टर हे चित्र नुसत्या नजरेने ओळखतात. या घराण्यातला दुसरा जंतू क्लॅमिडिया न्यूमोनी. त्याचा एक वाण १९६५ मध्ये तैवानात एका मुलाच्या डोळ्यातून मिळाला, दुसरा १९८३ मध्ये सिएटलमधल्या एका विद्यार्थ्याच्या घशातून. दोन्ही एकच आहेत आणि ती वेगळी जात आहे, हे ग्रेस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये पक्कं केलं. तो शाळकरी वयाच्या मुलांत जास्त दिसतो, रेंगाळणारा खोकला देतो, क्वचित न्यूमोनिया. दिल्लीच्या एम्समधल्या बालरोग विभागाने भारतीय मुलांत त्याचा आणि मायकोप्लाझ्मा या वेगळ्या जिवाणूचा मागोवा घेतलेला आहे. क्लॅमिडियाची ही दोन नावं आता पाठ्यपुस्तकात स्थिरावली आहेत, म्हणून त्यांच्यावर इथे अधिक रेंगाळत नाही.

खरी गोष्ट त्यांच्या चुलत घराण्याची आहे, आणि तिची सुरुवात एका बिघडलेल्या प्रयोगातून झाली. इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटात बीरशेबा इथे बेन-गुरियन विद्यापीठात सिमोना कहाने पेशी वाढवत होत्या. त्या पेशींत काहीतरी घुसलं होतं. ते क्लॅमिडियासारखं वागत होतं, पण ओळखीच्या कुठल्याच क्लॅमिडियाशी जुळत नव्हतं. दुसऱ्या एखाद्याने ती बाटली ओतून देऊन नवी लावली असती. कहाने यांनी त्या घुसखोराचाच अभ्यास केला आणि १९९३ मध्ये तो प्रसिद्ध केला. सुरुवातीला त्याला नुसतं 'झेड' म्हणत. पुढे १९९९ मध्ये वर्गीकरण नव्याने मांडलं गेलं तेव्हा त्याचं नाव ठरलं सिम्कानिया नेगेव्हेन्सिस, म्हणजे सिमोना कहाने यांच्या नावातून सिम्कानिया आणि वाळवंटाच्या नावातून नेगेव्हेन्सिस. त्याची वाढ सावकाश. खुपऱ्यांचा जंतू दोन-तीन दिवसांत पेशी भरून बाहेर पडतो, याला आठवडा-दीड आठवडा लागतो.

दुसरी वाट अमीबातून आली. अमीबा म्हणजे पाण्यात, ओल्या मातीत, नळाच्या आतल्या बुळबुळीत थरावर फिरणारा एकपेशी जीव. जिवाणू गिळून पचवणं हा त्याचा धंदा. पण काही जिवाणू गिळले जाऊनही पचत नाहीत. १९७६ मध्ये फिलाडेल्फियात माजी सैनिकांच्या मेळाव्यात न्यूमोनियाची जी साथ आली तिचा जंतू लेजिओनेला. तो अमीबात वाढतो हे ब्रिटनच्या टिमथी रोबॉथम यांनी १९८० मध्ये दाखवलं. जो जिवाणू अमीबाच्या पोटातून जिवंत सुटायला शिकला, तो आपल्या फुफ्फुसातल्या भक्षक पेशींतूनही सुटू शकतो, कारण दोघांची गिळण्याची तऱ्हा सारखीच आहे. अमीबा ही जणू जंतूंची तालीम. मग अमीबात आणखी कोण कोण तालीम करतं याचा शोध सुरू झाला. अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यात हवा दमट ठेवणाऱ्या यंत्रामुळे लोकांना ताप येण्याचा प्रकार घडला होता. त्या यंत्राच्या पाण्यातल्या अमीबात क्लॅमिडियासारखा जीव निघाला आणि आजारी लोकांच्या रक्तात त्याच्याविरुद्धची प्रतिद्रव्यं निघाली. हे १९९७ मध्ये छापलं गेलं. त्याच्याच जातीचा दुसरा वाण जर्मनीत निरोगी स्वयंसेवकांच्या नाकातल्या अमीबात मिळाला होता. या जिवाणूचं नाव पॅराक्लॅमिडिया अकॅन्थामीबी. ही दोन्ही ठिकाणं वाचकाने लक्षात ठेवावीत. एक आजाऱ्यांचं यंत्र आणि एक निरोगी माणसाचं नाक. या विषयातला सगळा वाद याच दोन ठिकाणांमध्ये आहे.

पुढची नावं भराभर आली. गाईच्या गर्भपातातून १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात मिळालेला वॅडलिया. पॅरिसच्या सीन नदीच्या पाण्यातला क्रिब्लॅमिडिया. झुरळांत आणि ओल्या दगडाखालच्या किड्यांत राहणारा ऱ्हॅब्डोक्लॅमिडिया. अमीबातला प्रोटोक्लॅमिडिया, ज्याचा जनुकसंच २००४ मध्ये वाचला गेला तेव्हा तो चोवीस लाख अक्षरांचा निघाला, म्हणजे खुपऱ्यांच्या जंतूच्या दुपटीहून मोठा. त्यावरून मांडणी अशी झाली की या घराण्याच्या दोन शाखा ७० कोटी वर्षांपूर्वीच वेगळ्या झाल्या. एक शाखा प्राण्यांच्या पेशींत स्थायिक होऊन अंगावरचं ओझं टाकत गेली, दुसरी अमीबाच्या पोटात आपला सगळा संसार घेऊन राहिली. मला यात लक्ष वेधणारी गोष्ट ही वाटते की माणूस, त्याची लेकरं, त्यांची फुफ्फुसं हे सगळं या जिवाणूंच्या हिशेबात काल-परवाचं आहे.

आता मुलांकडे येऊ. पहिला ठोस पुरावा नेगेव्हमधूनच आला. १९९८ मध्ये कहाने, डेव्हिड ग्रीनबर्ग, रॉन डॅगन आणि सहकाऱ्यांनी ब्राँकिओलायटिस झालेल्या २३९ बाळांच्या नाक-घशाचे नमुने तपासले. ब्राँकिओलायटिस म्हणजे श्वासाच्या बारीक नळ्यांची सूज. दोन वर्षांखालच्या मुलांना होते आणि छातीत शिट्टी वाजल्यासारखा आवाज येतो. त्या बाळांपैकी चौथ्या हिश्शात सिम्कानिया मिळाला, आणि तुलनेसाठी घेतलेल्या मुलांत फारच कमी. २००३ मध्ये कॅनडाच्या उत्तर टोकाकडच्या इन्युइट बाळांची तपासणी झाली. छातीच्या संसर्गाने रुग्णालयात आलेल्या बाळांपैकी निम्म्याहून अधिकांत तो होता. संख्या लहान, केवळ २२ बाळांची, तरीही दखल घ्यावी अशी. फिनलंडमध्ये न्यूमोनिया झालेल्या मुलांच्या रक्तात, ब्रिटनच्या कॉर्नवॉलमध्ये, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये त्याच्या खुणा मिळाल्या. स्वित्झर्लंडच्या लोझानमध्ये गिल्बर्ट ग्रूब यांच्या गटाने या जिवाणूंनाच आयुष्य वाहिलं आहे. त्यांनी २००९ मध्ये वेळेआधी जन्मलेल्या आणि श्वासाचा त्रास असलेल्या २९ बाळांच्या नमुन्यांत पॅराक्लॅमिडिया आणि ऱ्हॅब्डोक्लॅमिडियाचा डीएनए शोधला, आणि तो तुलनेच्या बाळांपेक्षा जास्त वेळा मिळाला. उंदरांच्या फुफ्फुसात पॅराक्लॅमिडिया सोडला तर न्यूमोनिया होतो, हेही याच गटाने दाखवलं. २०११ मध्ये त्यांनी या अख्ख्या घराण्याला एकाच जाळ्यात धरणारी पीसीआर चाचणी तयार केली. त्याआधी प्रत्येक जातीसाठी वेगळी चाचणी लावावी लागे, आणि जी जात ठाऊक नाही ती सुटून जाई.

एवढं वाचून कुणालाही वाटेल, गुन्हेगार सापडला. इथेच थांबून विचार करायला हवा.

नेगेव्हमध्ये निम्म्याहून अधिक प्रौढांच्या रक्तात सिम्कानियाची प्रतिद्रव्यं आढळली. म्हणजे तिथे तो सगळ्यांनाच कधी ना कधी भेटतो, आणि बहुतेक जण काही न होता पुढे जातात. त्याच भागातल्या पिण्याच्या पाण्यात आणि शुद्ध करून पुन्हा वापरलेल्या सांडपाण्यात तो असल्याचं कहाने यांच्याच गटाने २००४ मध्ये दाखवलं. मग बाळाच्या घशात त्याचा डीएनए मिळाला, तो जिवंत जंतूचा की सकाळी पाजलेल्या पाण्यातला? पीसीआर ही चाचणी फार बारीक नजरेची आहे. ती अंगणात उमटलेलं पाऊल दाखवते. चोर आत शिरला होता की रस्त्याने जाणारा कुणी डोकावून गेला, ते त्या पावलावरून कळत नाही. शिवाय ब्राँकिओलायटिसचा नेहमीचा कर्ता आरएसव्ही. आधीच विषाणूने सोललेल्या नळीत एखादा जिवाणू येऊन बसला तर त्याला दुखण्याचं कारण म्हणायचं, साथीदार म्हणायचं की नुसता बघ्या?

हा पेच केवळ या जिवाणूंचा नाही. पर्च नावाच्या मोठ्या अभ्यासाने तो उघड्यावर आणला. त्यात सात देशांतली, आपल्या शेजारच्या बांगलादेशासह, तीव्र न्यूमोनियाची ४ हजारांवर मुलं आणि त्यांच्याच वस्त्यांतली ५ हजारांवर निरोगी मुलं तपासली गेली. निकाल २०१९ मध्ये आले. निरोगी मुलांच्या नाक-घशातही जंतूंची गर्दी होती. आजारी आणि निरोगी यांची तुलना केल्यावरच कोणाचं वजन किती ते ठरवता आलं. त्या हिशेबात एक्स-रेवर दिसणाऱ्या न्यूमोनियाचा सुमारे ६१ टक्के भार विषाणूंवर आला, २७ टक्के जिवाणूंवर, आणि एकट्या आरएसव्हीवर ३१ टक्के. या अभ्यासाची मोठी शिकवण आकड्यांत नाही, पद्धतीत आहे. आजारी मुलाचा घसा तपासायचा तर शेजारच्या खेळत्या मुलाचाही तपासलाच पाहिजे. क्लॅमिडियासदृश जिवाणूंवरच्या कित्येक निबंधांत हा शेजारी एकतर नाही किंवा संख्येने अगदी तोकडा आहे. म्हणून माझं मत असं, की सिम्कानियाविषयी संशयाला जागा आहे, पॅराक्लॅमिडियाविषयी दुबळ्या बाळांत थोडी अधिक आहे, आणि बाकीच्यांविषयी आज निवाडा देणं घाईचं आहे.

निवाडा व्हायचा असला तरी एक गोष्ट मात्र आजच औषधाच्या पिशवीपर्यंत पोहोचते. पेनिसिलिन आणि त्याच्या कुळातलं अमॉक्सिसिलिन जिवाणूची भिंत बांधू देत नाही. भिंत पेप्टिडोग्लायकन नावाच्या जाळीची असते. क्लॅमिडिया घराण्यात ही जाळी दिसतच नव्हती, तरी पेनिसिलिनचा त्याच्यावर काहीतरी परिणाम व्हायचा. हे कोडं अनेक दशकं सुटलं नव्हतं. २०१३ मध्ये प्रोटोक्लॅमिडियात ती जाळी सापडली, २०१४ मध्ये खुपऱ्यांच्या जंतूतही अगदी पातळ रूपात सापडली. सिम्कानियात मात्र ती मिळालीच नाही. पेनिसिलिन दिल्यावर क्लॅमिडिया मरत नाही, विचित्र फुगून गप्प बसतो, आणि औषध थांबलं की पुन्हा कामाला लागतो. या घराण्यावर चालतात ती वेगळी औषधं: एरिथ्रोमायसिन, अॅझिथ्रोमायसिन, मोठ्यांत डॉक्सिसायक्लिन. आपल्याकडे आशाताईच्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हाती न्यूमोनियासाठी पहिलं औषध आहे अमॉक्सिसिलिन. २०१९ मध्ये केंद्र सरकारने 'सांस' मोहीम सुरू केली, तिचाही आधार तेच औषध. ते योग्यच आहे, कारण जीव घेणारा न्यूमोकोकस त्याने मरतो. पण ज्या थोड्या लेकरांत कारण क्लॅमिडियाच्या घराण्यातलं असेल, त्यांच्यात ते लागू पडणार नाही, हे माहीत असलेलं बरं.

यावर सोपा तोडगा सुचतो की मग सगळ्यांनाच अॅझिथ्रोमायसिन द्या. गावोगावच्या मेडिकलमध्ये ते तसंही चिठ्ठीशिवाय मिळतं, "तीन दिवसांची गोळी" म्हणून लोक नाव न घेता मागतात, आणि साध्या सर्दीच्या लेकरालाही त्याचं सिरप पाजलं जातं. हे थांबायला हवं असं मी अगदी स्पष्ट लिहितो. जगात या औषधाचा एक मोठा प्रयोग झाला, आणि त्याचं मूळ खुपऱ्यांत आहे. खुपऱ्या घालवण्यासाठी आफ्रिकेत सरसकट अॅझिथ्रोमायसिन वाटलं जात होतं, तेव्हा बालमृत्यूही कमी होतात असं दिसलं. मग नायजर, मलावी आणि टांझानिया इथे सुमारे १ लाख ९० हजार मुलांत नीट चाचणी झाली. वर्षातून दोनदा एकेक मात्रा. २०१८ मध्ये निकाल आला: मृत्यू सरासरी १३.५ टक्क्यांनी कमी, नायजरमध्ये त्याहून जास्त. पण पाठोपाठ त्या वस्त्यांत या औषधाला न जुमानणारे जंतू वाढल्याचंही दिसलं. म्हणून २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की सरसकट वाटप नको, जिथे बालमृत्यू फारच जास्त आहेत तिथेच विचार करावा. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातला पाच वर्षांखालचा मृत्युदर हजारी २८ आला. आपण नायजर नाही. इथे मनाला येईल तेव्हा ते औषध पाजणं म्हणजे उद्याच्या खऱ्या गरजेच्या लेकराचं औषध आज सांडणं.

आता पाणी. चांदूर बाजार तालुक्यात विश्रोळीचा पूर्णा प्रकल्प आहे, विहिरी आहेत, बोअर आहेत. नळाला पाणी रोज येतंच असं नाही, म्हणून प्रत्येक घरात साठवण आहे: सिमेंटची टाकी, प्लास्टिकचा ड्रम, रांजण, माठ. साठवलेल्या पाण्याच्या भांड्याला आतून जो बुळबुळीत थर धरतो, तो अमीबाचं कुरण. जलसुरक्षक टीसीएल पावडर टाकतो, ओटी टेस्ट करतो, आणि कॉलरा-हगवणीच्या जंतूंसाठी तेवढं पुरतं. अमीबा मात्र संकट आलं की स्वतःभोवती दुहेरी कवच करून बसतो, आणि त्याच्या पोटातल्या जिवाणूपर्यंत क्लोरीन नीट पोहोचत नाही. ड्रम आतून घासून, उन्हात कोरडा करून पुन्हा भरणं याला पर्याय नाही. आमच्याकडच्या बायका रांजण राखेने घासून पालथा घालत, त्या रीतीत हे शास्त्र आपोआप होतं. प्लास्टिकचा दोनशे लिटरचा ड्रम कुणी पालथा घालत नाही.

आणि कूलर. व्हरमाँटच्या त्या यंत्राबद्दल वाचलं तेव्हा मला आधी आठवला तो वऱ्हाडातला उन्हाळा. पारा ४५ च्या पुढे जातो, अकोला-अमरावतीत मे महिन्यात दुपारी रस्ते ओस पडतात, आणि घराघरात खिडकीला लोखंडी कूलर घुमत असतो. खाली पाण्याची टाकी, तिन्ही बाजूंना गवताच्या ताट्या, मागच्या वर्षीचा पांढरा क्षार तसाच, आणि मधला पंखा ओली हवा थेट पाळण्यावर सोडतो. जंतू फुफ्फुसात न्यायचा तर पाणी प्यायल्याने सहसा होत नाही, ते तुषार होऊन श्वासात जावं लागतं. लेजिओनेलाचा धडा तोच आहे. कूलरमुळे आमच्या लेकरांना हे दुखणं होतं, असा माझा दावा नाही. उलट एक गोष्ट त्याच्या विरोधात जाते: लेकरांचे न्यूमोनिया पावसाळ्यात आणि हिवाळ्यात वाढतात, तेव्हा कूलर बंद असतात. पण नेमकं म्हणूनच हा भाग अशा प्रश्नासाठी चांगला आहे. चार महिने तुषार, आठ महिने नाहीत. एप्रिल-मेमध्ये घशात हे जिवाणू वाढतात का आणि त्यासोबत खोकला वाढतो का, हे इथे वेगळं काढून पाहता येईल. लोझानच्या थंड हवेत ते शक्य नाही.

गोठाही विसरून चालणार नाही. वॅडलिया गाईच्या गर्भपातातून मिळाला, पॅराक्लॅमिडियाही स्वित्झर्लंडमध्ये गुरांच्या गर्भपातात दिसला, आणि लंडनमधल्या स्त्रियांच्या एका अभ्यासात २००७ मध्ये गर्भपात आणि वॅडलियाची प्रतिद्रव्यं यांचा संबंध आढळला. गाभण गाईने गाभ टाकला की वार आणि गोठा हाताने साफ करणारी बाई बहुतेक घरात तीच असते जी नंतर बाळाला घेते. हातमोजे, नाहीतर निदान प्लास्टिकची पिशवी हाताला, आणि वार खोल पुरणं. हे गुरांकडून माणसाला लागणाऱ्या ब्रुसेलोसिससाठीही हवंच आहे, त्यासाठी नव्या जंतूची वाट पाहायची गरज नाही.

चुलीचा धूर, आईचं अशक्तपण, कमी वजनाचं बाळ, न मिळालेलं अंगावरचं दूध यांवर मी इथे लिहीत नाही, कारण ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्यांचं वजन या लेखातल्या सगळ्या जिवाणूंहून जास्त आहे. तसंच लसीचं. न्यूमोकोकसची लस २०२१ मध्ये महाराष्ट्राच्या नेहमीच्या लसीकरणात आली, हिबची त्याआधी पाच रोगांच्या लसीतून आली. जसजसे हे मोठे मारेकरी बाजूला होतील, तसतसे उरलेल्यांचा वाटा ठळक दिसायला लागेल. क्लॅमिडियासदृश जिवाणूंचा प्रश्न उद्या मोठा होईल तो यामुळे.

आज काय करायचं याचं उत्तर विदर्भानेच जगाला दिलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९८८ पासून गावातल्या आरोग्यसेवकांना आणि दायांना लेकराचा श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला आणि तिथेच औषध द्यायला शिकवलं. निकाल १९९० मध्ये लॅन्सेटमध्ये आला. ज्या गावांत हे केलं तिथे न्यूमोनिया झालेल्या मुलांपैकी ०.८ टक्के दगावली. तुलनेच्या गावांत १३.५ टक्के. पाच वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे न्यूमोनियाचे मृत्यू एकीकडे ८.१, दुसरीकडे १७.५. अक्षरओळख नसलेल्या दाईलाही जमावं म्हणून त्यांनी मण्यांचं साधन बनवलं: वाळूचं एका मिनिटाचं घड्याळ, दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, ठरल्या मण्यापर्यंत पोहोचलं की न्यूमोनिया. जंतूचं नाव त्यांपैकी कुणालाही ठाऊक नव्हतं. आमच्याच जिल्ह्यात धारणीजवळ उतावलीला डॉ. आशिष सातव यांच्या 'महान' संस्थेने मेळघाटातल्या गावांत त्याच वाटेने काम उभं केलं. खालचे आकडे प्रत्येक घरात माहीत असावेत म्हणून लिहितो. दोन महिन्यांखालचं बाळ मिनिटाला ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतलं ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांचं ४० किंवा जास्त श्वास घेत असेल तर तो न्यूमोनिया समजायचा. बाळ शांत असताना, पूर्ण एक मिनिट मोजायचं. छाती आत ओढली जात असेल, दूध पीत नसेल, ओठ निळे पडत असतील तर गावात थांबायचं नाही. अचलपूर, नाहीतर अमरावतीचं डफरीन किंवा इर्विन रुग्णालय गाठायचं.

औषध सुरू केल्यावर दोन-तीन दिवसांनी तेच लेकरू पुन्हा पाहायचं. सगळ्यात जास्त चुकतं ते हे. आई म्हणते, "आता बरं वाटून रायलं, कायले जाऊ," आणि आशाताईकडेही बरीच घरं असतात. पण या लेखातल्या जिवाणूंपुरतं बोलायचं तर हीच एक जागा आहे जिथे ते पकडले जाऊ शकतात. अमॉक्सिसिलिन देऊनही श्वास उतरला नाही, ताप नाही पण तुटक खोकला थांबत नाही, डोळ्यांना चिपडं येऊन गेली आहेत, मोठ्या भावंडालाही तीन आठवड्यांपासून खोकला आहे, अशा लेकराबाबत डॉक्टरने औषध बदलण्याचा विचार करायचा. त्याआधी क्षयाचाही विचार करायचा, कारण आपल्याकडे रेंगाळणाऱ्या खोकल्यामागे तो या सगळ्यांपेक्षा जास्त वेळा असतो.

आणि शोध घ्यायचा तर तोही इथे घेता येण्यासारखा आहे. २०२० मध्ये संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत कोरोनाच्या आरटी-पीसीआर चाचण्या झाल्या. माणसं शिकली, यंत्रं बसली. लोझानची चाचणी त्याच जातीच्या यंत्रावर चालते. आसेगाव पूर्णा, ब्राह्मणवाडा थडी, करजगाव, शिरजगाव कसबा अशा गावांतून वर्षभर नमुने घ्यावेत. खोकणाऱ्या प्रत्येक लेकरामागे त्याच गल्लीतलं, त्याच वयाचं, खेळतं लेकरू. दोघांच्या नाकातून एकेक काडी. आणि दोघांच्या घरच्या ड्रममधून, उन्हाळ्यात कूलरच्या टाकीतून, तळाशी बोट फिरवलं की जो बुळबुळीत थर हाती येतो त्याची एकेक बाटली, काडीवर जो घरक्रमांक तोच बाटलीवर लिहिलेला.